महायुद्धाच्या एका दिवसाचा चार्ट कसा लावावा

एसटीत माझी तेहतीस वर्षं गेली, त्यातली शेवटची अकरा वाहतूक नियंत्रकाच्या खिडकीत. कुठली गाडी किती वाजता सुटली, कुठे अडकली, कोणाची ड्युटी लांबली, हे सगळं एका कागदावर दिसायला हवं ही खोड तिथलीच. निवृत्तीनंतर दुसऱ्या महायुद्धाचं वाचन सुरू केलं आणि महिन्याभरात डोकं गरगरायला लागलं. जो तो आपापल्या आघाडीचं सांगतो. इटलीवाला इटली सोडत नाही, ब्रह्मदेशवाल्याला बर्लिनशी घेणंदेणं नाही. मग ठरवलं, एकच दिवस घ्यायचा आणि डेपोसारखा त्याचा चार्ट लावायचा. आजवर असे चार दिवस लावले. कोणाला करून बघायचं असेल तर माझी रीत सांगतो.

पहिल्याच खेपेला ६ जून १९४४ घेऊ नका. फ्रान्समधल्या नॉर्मंडीवरच्या स्वारीपुढे त्या दिवशीचं दुसरं काही नजरेतच भरत नाही. मी घेतला ९ एप्रिल १९४५, सोमवार. कारण घराजवळचं. संगमनेर तालुक्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी त्या दिवशी इटलीत सेनिओ नदीवर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिश फौजेतलं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवला. पण बघायला गेलो तर त्याच तारखेला पूर्व प्रशियात जर्मनांचं कोनिग्सबर्ग शहर रशियनांच्या हाती पडलं, जपानच्या ओकिनावा बेटावर अमेरिकनांनी काकाझूच्या टेकडीवर चढाई केली, फिलिपिन्सच्या होलो बेटावर अमेरिकन फौज उतरली आणि रात्री ब्रिटिश विमानांनी कील बंदर झोडपलं. असा दिवस चार्टाला चांगला. गाड्या पुष्कळ, पण एकही इतकी मोठी नाही की बाकीच्या झाकल्या जातील.

कागद मोठा घ्या. मी पुस्तकांना कव्हर घालायचा खाकी कागद दोन मीटर कापून आडवा लावतो. आडव्या ओळी आघाड्यांच्या, उभे रकाने तासांचे. इथवर सोपं आहे. पुढे घड्याळात माणूस फसतो.

माझा पहिला चार्ट तिथेच वाया गेला. प्रत्येक पुस्तकातली वेळ जशीच्या तशी उतरवली आणि ओकिनावाची पहाट इटलीच्या पहाटेखाली मांडून मोकळा झालो. ओकिनावाचं घड्याळ ग्रिनिचच्या नऊ तास पुढे. तिथे ९ तारखेच्या पहाटेचे सहा वाजले तेव्हा ग्रिनिचला ८ तारखेच्या रात्रीचे नऊ वाजले होते. इटलीत तेव्हा उन्हाळी वेळ, म्हणजे दोन तास पुढे. काकाझूवर अमेरिकन चढले तेव्हा सेनिओच्या काठावर आदल्या रात्रीचे अकरा. ज्या दोन गोष्टी मी एकाखाली एक मांडल्या, त्यांच्यात सात तासांचं अंतर होतं.

म्हणून सर्वांत वरची ओळ ग्रिनिचची ठेवा आणि प्रत्येक नोंद आधी त्या वेळेत बदलून घ्या. स्थानिक वेळ कंसात, बारीक अक्षरात. कोनिग्सबर्गला विशेष जपा: रशियन कागद मॉस्कोच्या घड्याळावर चालतात, जर्मन कागद जर्मन उन्हाळी वेळेवर, त्यामुळे एकाच घटनेत तासाभराचा फरक निघतो. भारताचंही गृहीत धरू नका. १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत आपली घड्याळं आणखी एक तास पुढे केलेली होती, म्हणजे ग्रिनिचच्या साडेसहा तास पुढे. ब्रह्मदेशातल्या नोंदींना हाच हिशेब.

दुसरी अडचण रात्रीची. कीलचा हल्ला कुठे ९ तारखेला लिहिलेला सापडेल, कुठे १० ला. यात कोणाचं चुकलेलं नाही. ती आपल्याकडची मुक्कामी गाडी. संध्याकाळी एका तारखेला सुटते, परत येते दुसऱ्या तारखेला, आणि ड्युटी एकच धरतात. ब्रिटिश हवाई दल म्हणूनच '९/१०' असं लिहितं. तुम्हीही तसंच लिहा आणि पट्टी मध्यरात्रीच्या रेघेवरून आरपार न्या. ॲडमिरल शीर ही जर्मन युद्धनौका त्या हल्ल्यात गोदीतच उलटी झाली. जाता जाता चंद्रही बघून ठेवा. अमावास्या १२ तारखेला होती, म्हणजे रात्र काळोखी.

आता नोंदी कुठून आणायच्या. प्रत्येक ब्रिटिश-भारतीय पलटणीची रोजची युद्धदैनंदिनी असे. तिच्या छापील नमुन्यात ठिकाण, तारीख, तास, घडामोडींचा गोषवारा असे रकाने. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला आमचं लॉगशीटच आठवलं. हे कागद लंडनजवळ क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ब्रह्मदेशाचे डब्ल्यूओ १७२ या गठ्ठ्यात, हवाई स्क्वाड्रनांच्या नोंदवह्या एअर २७ मध्ये. तिथे आपल्या मोबाईलवर फोटो काढू देतात. तिकडे राहणाऱ्या पुतण्याला एक शनिवार गळ घातली आणि काम झालं. शौर्यपदकांची प्रशस्तिपत्रं लंडन गॅझेटमध्ये घरबसल्या वाचता येतात. राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाच्या संकेतस्थळावर मृत्यूची तारीख टाकून नावं शोधता येतात. सेनिओच्या बाजूला मेलेल्या आपल्या पोरांसाठी फोर्ली इथे भारतीय सैन्याची दफनभूमी आहे, आणि ज्यांना अग्नी दिला त्यांचं स्मारकही तिथेच. ही यादी जेवायच्या आधी उघडू नका, एवढं सांगतो.

मिळालेली वेळ खरी की खोटी हे ताडायला बेरीज करा. सेनिओपलीकडच्या जर्मनांवरच्या हल्ल्याचं उदाहरण घ्या. दुपारी आठशेहून अधिक जड बॉम्बफेकी विमानं येऊन गेली. मग ३ वाजून २० मिनिटांनी तोफा सुरू झाल्या. पाच मारे, प्रत्येकी ४२ मिनिटांचे, मध्ये दहा-दहा मिनिटांची उसंत. पाच गुणिले बेचाळीस दोनशेदहा, वर चार उसंतींची चाळीस. अडीचशे मिनिटं. ३.२० मध्ये मिळवा, काटा बरोबर साडेसातवर येतो, आणि पायदळ सुटल्याची वेळही तीच सापडते. असं जुळलं की मला गाडी वेळेत लागल्यासारखं वाटतं. त्या उसंतीही उगाच नव्हत्या. तोफा थांबल्या की जर्मन शिपाई बिळातून बाहेर येऊन मशीनगनवर बसायचे, की पुन्हा मारा. शेवटी तर विमानं नुसती झेप घेऊन गेली, बॉम्ब टाकलेच नाहीत. जर्मनांनी डोकी खाली घातली तेवढ्यात आपली माणसं धरणाएवढ्या उंच पूरबंधाऱ्यावर चढली.

एका चौकोनात मात्र खोल उतरा, नाहीतर चार्ट नुसता आकड्यांचा राहतो. माझा तो चौकोन साडेसातनंतरचा. नामदेव जाधव पहिल्या मराठा बटालियनमध्ये कंपनीचे निरोप्ये होते, वय २३. कंपनी कमांडरबरोबर पाण्यातून पलीकडे निघताच तीन ठाण्यांवरून गोळ्या आल्या. कमांडर आणि दोघे जखमी, बाकीचे ठार, धड राहिले एकटे जाधव. एका जखमीला त्यांनी खोल पाण्यातून, बंधारा चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. पुन्हा गेले, दुसऱ्याला आणलं. तिसऱ्यांदा गेले ते टॉमीगन घेऊन. पहिलं ठाणं गप्प केलं, हाताला गोळी लागली, बंदूक चालवता येईना म्हणून टाकून दिली आणि बॉम्बगोळे काढले. ते संपले तेव्हा बंधाऱ्याच्या माथ्यावर सरपटत येऊन पलीकडच्या सोबत्यांकडून नवे घेतले. तिन्ही ठाणी बंद झाल्यावर बंधाऱ्यावर उघडे उभे राहून मराठा गर्जना केली आणि मागच्यांना हातानं बोलावलं. त्याच दिवशी त्याच नदीवर फ्रंटियर फोर्स रायफल्सच्या अली हैदर यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. दोघांची पट्टी मी एकाच शाईत काढली आहे.

ज्या घटना लढाई नव्हेत त्यांना तळाशी वेगळी पट्टी द्या. त्या सकाळी फ्लॉसेनबुर्गच्या छळछावणीत हिटलरला विरोध करणारे धर्मोपदेशक बोनहोफर आणि ॲडमिरल कॅनारिस यांना फाशी दिलं. इटलीतल्याच बारी बंदरात बॉम्ब भरलेलं चार्ल्स हेंडरसन हे जहाज फुटून शेकडो लोक गेले. या गोष्टी कोणत्याही आघाडीच्या ओळीत बसत नाहीत, पण दिवस त्यांचाही होता.

शाई फक्त कागदावर सापडलेल्याला. ऐकीव गोष्ट पेन्सिलीनं. आमचे चुलत आजोबा इटलीत खेचर कंपनीत होते. आत्या म्हणते, ते त्या रात्री नदीवर होते. त्यांच्या सेवापुस्तकात इटली आहे, सालं आहेत, नदी नाही. मी सेनिओच्या ओळीखाली पेन्सिलीनं एक बारीक खूण केली. इटलीतले साडेसात म्हणजे आपल्याकडे बरोबर रात्रीचे बारा, तेही तिथेच लिहिलं. आत्या चष्मा लावून बराच वेळ बघत होती.

"पेन्सिलीनं का रे? मेल्यावरसुद्धा त्यांना कच्च्याच नोंदीत ठेवणार?"

खूण अजून पेन्सिलीतच आहे. पण आत्या घरी आली की ती जरा गडद करावी लागते.