लाकडावर चालणाऱ्या बिडाच्या स्टोव्हला तडा गेल्यास काय करावे

अमेरिकेच्या ईशान्येकडच्या राज्यांत, कॅनडात किंवा नॉर्वेत जुने घर घेतले की त्याबरोबर बैठकीच्या खोलीतला बिडाचा स्टोव्हही बऱ्याचदा आपल्या वाट्याला येतो. नॉर्वेतली योटुल कंपनी १८५३ पासूनची. १९७३ च्या तेलटंचाईनंतर न्यू इंग्लंडमध्ये लोक पुन्हा लाकडाकडे वळले, आणि व्हरमाँट कास्टिंग्ज १९७५ मध्ये त्याच काळात उभी राहिली. त्या पिढीतले कितीतरी स्टोव्ह आजही घरे तापवत आहेत. त्यामुळे ऐन जानेवारीत, बाहेर उणे पंधरा अंश असताना, स्टोव्हवर एक काळी रेघ दिसते आणि घरातले सगळे विचारतात: आता पेटवायचा की नाही?

याचे उत्तर तडा किती लांब आहे यापेक्षा तो कुठल्या भागाला गेला आहे यावर ठरते. ते कळेपर्यंत पेटवू नका.

आधी विस्तव शांत होऊ द्या

स्टोव्ह पेटलेला असतानाच तडा दिसला तर नवे लाकूड घालू नका, हवेची झडप हळूहळू कमी करा आणि आहे ते जळून जाऊ द्या. पाणी अजिबात ओतू नका. तापलेला बिडाचा तवा नळाखाली धरला की काय होते हे आपल्याकडच्या घरांत ठाऊक आहे. इथे तर वाफेने भाजण्याचा धोकाही असतो.

खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म असलाच पाहिजे. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही. अलार्म वाजला, किंवा घरातल्या एकापेक्षा जास्त माणसांना एकाच वेळी डोकेदुखी, मळमळ, गरगरल्यासारखे वाटू लागले, तर सगळ्यांनी ताबडतोब बाहेर पडायचे आणि मग ९११ किंवा तुमच्या देशातला आपत्कालीन नंबर लावायचा. कारण शोधत आत थांबायचे नाही.

राख काढाल ती झाकणाच्या लोखंडी बादलीत, आणि बादली घराबाहेर, लाकडी डेकपासून लांब ठेवा. राखेतला निखारा काही दिवससुद्धा जिवंत राहतो.

तडा आहे की सांधा?

बरेच स्टोव्ह एकसंध नसतात. वेगवेगळ्या ओतीव प्लेटा बोल्टने आवळून सांध्यांत स्टोव्ह सिमेंट, म्हणजे उष्णता सोसणारा लेप, भरलेले असते. हे सिमेंट वर्षानुवर्षे सुकून गळते आणि कोपऱ्यात सरळ फट दिसते. ती तडा नाही, ती दुरुस्त होते. तडा बहुधा वाकडातिकडा जातो आणि प्लेटच्या मध्यातून, बोल्टच्या भोकापासून किंवा दाराच्या चौकटीच्या कोपऱ्यापासून निघतो.

पूर्ण थंड झाल्यावर आतली काजळी तारेच्या ब्रशने साफ करा. मात्र १९८० च्या आधीचा स्टोव्ह असेल तर दाराच्या कडेला हवा अडवण्यासाठी बसवलेल्या जुन्या दोरीत आणि सिमेंटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तो भाग कोरडा खरवडू नका, त्याची तपासणी जाणकाराकडून करून घ्या. मग रात्री खोलीतले दिवे घालवून आत जोरदार टॉर्च ठेवा आणि बाहेरून चहूबाजूंनी बघा. प्रकाशाची रेघ बाहेर आली तर फट आरपार आहे.

दुसरी परीक्षा उदबत्तीची. छोटा जाळ करण्याइतपत स्टोव्ह सुरक्षित आहे असे तज्ज्ञाने सांगितले असेल तरच ती करा. धुरांडे ओढ घेऊ लागले की पेटती उदबत्ती फटीजवळून हळू फिरवा. धूर आत खेचला गेला तर तिथून हवा शिरते आहे.

हे आत खेचणे निरुपद्रवी वाटते, पण खरा धोका तिथेच सुरू होतो. धुरांडे ओढत असते तोवर फटीतून धूर बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते. ही हवा तुमच्या झडपेच्या ताब्यात नसते, म्हणून विस्तव हवा त्याहून जास्त भडकतो, बीड आणखी तापते आणि तडा वाढतो. मग ओढ कमी झाली की उलटे घडते: विस्तव विझत आलेला, बाहेर वारा पडलेला, आणि स्वयंपाकघरात फोडणीसाठी मोठा एक्झॉस्ट पंखा चालू. घट्ट बंद घरात तो पंखा धुरांड्यातून हवा उलटी खेचू शकतो. नेमक्या याच वेळी धुमसत्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघत असतो.

तडा गेलेला भाग ओळखा

जाळी, बॅफल (विस्तवाच्या वरची, धूर वळवणारी प्लेट) आणि भट्टीच्या आतल्या बाजूंना लावलेल्या प्लेटा हे झिजण्यासाठीच बसवलेले भाग आहेत. जाळ त्यांनी सोसायचा आणि बाहेरचे कवच वाचवायचे. ते तडकले तर वाईट वाटून घेऊ नका, बदला. फायरब्रिकला, म्हणजे भट्टीतल्या उष्णता सोसणाऱ्या विटेला, बारीक चीर गेली आणि वीट जागेवर घट्ट असेल तर ती चालते. तुकडे पडू लागले की बदलायची.

प्लेट मागवण्याआधी स्टोव्हच्या मागची किंवा तळाची पाटी बघा. भागाचा क्रमांक पुष्कळदा कास्टिंगवरच आतून उमटवलेला असतो. कंपनी बंद झाली असेल तर एखादी फाउंड्री जुनी प्लेट जोडून, तिचाच पॅटर्न वापरून नवी ओतून देऊ शकते. थंड होताना बीड सुमारे एक टक्का आकसते, म्हणून नवी प्लेट किंचित लहान निघते हे आधीच बोलून घ्या. कोल्हापूर-शिरोलीच्या ओतकामाशी ओळख असलेल्या वाचकांना हे सांगायला नको.

बाहेरच्या कवचाची गोष्ट वेगळी. बाजूची, मागची, तळाची किंवा वरची प्लेट आरपार तडकली असेल, फट रुंदावत असेल, दोन कडा वरखाली झाल्या असतील किंवा दार नीट बसत नसेल, तर स्टोव्ह बंद ठेवा आणि प्रमाणित तज्ज्ञाला दाखवा. इथे सिमेंटचे लिंपण हा उपाय नाही.

दुरुस्तीचे मार्ग

सांधा उघडला असेल तर स्टोव्ह सोडवून पुन्हा बांधणे हे चिकाटीच्या माणसाला घरी जमण्यासारखे काम आहे. प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. गंजलेल्या बोल्टना गंजात झिरपणारे भेदक तेल लावून रात्रभर ठेवा, ताकद लावून पिळू नका. जुने सिमेंट काढा, सांधा किंचित ओला करा, नवे स्टोव्ह सिमेंट भरा. बोल्ट घट्ट हवेत, पण अति आवळू नका. तापल्यावर बीड प्रसरण पावते, आणि त्याला जागा मिळाली नाही तर पुढचा तडा तिथूनच जातो.

केसासारख्या, न वाढणाऱ्या चिरेत भरायलाही हेच सिमेंट वापरतात. त्याची उष्णता सोसण्याची क्षमता डब्यावर लिहिलेली असते. बऱ्याच जातींची सुमारे ११०० अंश सेल्सिअस. साधे एपॉक्सी साधारण तीनशे अंशांच्या आतच हार मानते, ते वापरू नका. सिमेंट हवा अडवते, पण प्लेटला बळ देत नाही. त्यामुळे ते लावून कवचाचा तडा ‘मिटला’ असे मानणे चुकीचे आहे.

वेल्डिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथेच चांगले स्टोव्ह कायमचे वाया जातात. बिडात दोन ते चार टक्के कार्बन असतो आणि त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात. म्हणून ते दाब उत्तम सोसते, ताण सोसत नाही. साध्या रॉडने घाईत वेल्ड केले की शेजारचा भाग कडक आणि ठिसूळ होतो, आणि थंड होताना वेल्डच्या कडेलाच नवा तडा जातो. जाणकार कारागीर तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडतो, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग खोबणी करतो, प्लेट आधी तापवतो, निकेलचा रॉड वापरून दोन-अडीच सेंटिमीटरचे छोटे टाके घालतो, प्रत्येक टाका हातोडीने ठोकतो आणि शेवटी कोरड्या वाळूत किंवा चुन्यात पुरून प्लेट अगदी हळू थंड होऊ देतो. यातले काहीच न विचारता ‘आणा, लगेच जोडतो’ म्हणणाऱ्याकडे प्लेट देऊ नका. वर्षानुवर्षे जाळ सोसलेल्या, काजळी मुरलेल्या बिडावर हे सगळे करूनही वेल्ड पकडेलच असे नाही. दाराची बिजागरी, पाय, बाहेरची नक्षी यांना पितळी ब्रेझिंग (बीड न वितळवता पितळ वितळवून जोडणे) छान चालते. निखाऱ्यांना भिडणाऱ्या भागावर मी ते करू देणार नाही.

आणि स्टोव्ह १९८८ च्या आधीचा असेल, म्हणजे अमेरिकेत नव्या स्टोव्हसाठी धुराचे नियम येण्यापूर्वीचा, तर कवचावर मोठा खर्च करण्याआधी नव्याची किंमत जरूर विचारा. नवे स्टोव्ह तेवढ्याच उबेसाठी कमी लाकूड खातात. जुना भंगारात देताना दार काढून द्या, म्हणजे तो उचलून कोणी पुन्हा पेटवणार नाही.

कारण शोधल्याशिवाय पेटवू नका

प्लेट बदलली आणि सवय तीच राहिली, तर नवी प्लेटही जाईल. स्टोव्हवर चुंबकी थर्मामीटर लावा. कंपनीने वेगळे सांगितले नसेल तर वरच्या प्लेटचे तापमान साधारण १५० ते ३१५ अंश सेल्सिअसमध्ये राहू द्या. धातू लालसर दिसू लागला म्हणजे मर्यादा केव्हाच ओलांडली. राखेचा ट्रे जाळीला टेकेपर्यंत भरू देऊ नका. खालून हवा लागत नाही आणि जाळी जळून वाकते. ओंडका फेकू नका, ठेवा. बर्फ लागलेले ओले लाकूड तापलेल्या बिडाला टेकवू नका. दाराची दोरी तपासायला कागदी नोट दारात धरून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर दोरी बदलायची वेळ झाली.

दुरुस्तीनंतरचे पहिले विस्तव

सिमेंट डब्यावर लिहिले आहे तितका वेळ सुकू द्या. पहिला विस्तव नुसत्या काटक्यांचा करा आणि स्टोव्ह पूर्ण निवू द्या. दुसरा थोडा मोठा, तिसरा त्याहून थोडा. घाई केली तर सिमेंटमधले पाणी वाफ होऊन फोड येतात. या दिवसांत खिडकी किंचित उघडी ठेवा, अलार्म चालू आहे ना ते बघा, आणि प्रत्येक वेळी उदबत्ती फिरवून दुरुस्तीची जागा तपासा. तिथे धूर आत ओढला जात असेल तर स्टोव्ह निवल्यावर पुन्हा टॉर्च लावा. धुरांडे साफ करणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा बोलावता तेव्हा त्याला स्टोव्हच्या मागची प्लेटही बघायला सांगा. भिंतीकडची ती बाजू आपल्याला सहसा दिसत नाही.