नाटोप्रवेशाचा अभ्यास कसा करावा : स्लोव्हाकियाच्या निमित्ताने

साम्यवादी राजवट कोसळल्यानंतर पूर्व युरोपातील एखादा देश नाटोमध्ये कसा गेला, याचा अभ्यास बहुतेक विद्यार्थी प्रवेशाच्या तारखेपासून सुरू करतात. तारीख सर्वांत शेवटी लिहावी. सुरुवातीला पोलंड न घेता स्लोव्हाकिया घ्यावा, कारण हा देश आधी नापास झाला आणि मग उत्तीर्ण झाला; निकषांना खरोखर किती वजन होते, हे नापास झालेल्याच्या उत्तरपत्रिकेवरूनच कळते.

प्रथम दोन याद्या शेजारी ठेवाव्यात. फेब्रुवारी १९९१ मध्ये विशेग्राद येथे पोलंड, हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया एकत्र आले. जुलै १९९७ च्या माद्रिद परिषदेत नाटोने पोलंड, हंगेरी आणि चेक प्रजासत्ताक यांना निमंत्रण दिले. मधल्या काळात, १ जानेवारी १९९३ रोजी, चेकोस्लोव्हाकियाची फाळणी झाली होती आणि चौघांपैकी एकटा स्लोव्हाकिया गळाला. चेक आणि स्लोव्हाक फौजा एकाच सैन्याची वाटणी होऊन झाल्या होत्या, शस्त्रेही वॉर्सा कराराच्या, म्हणजे सोव्हिएत संघाच्या नेतृत्वाखालील लष्करी आघाडीच्या, काळातीलच होती. तेव्हा या गळतीचे कारण छावणीत न शोधता राजकारणात शोधावे लागते.

त्यासाठी वहीत तीन रकाने आखावेत : निकष, कागद आणि वर्तन. निकष नाटोच्या सप्टेंबर १९९५ च्या विस्तारविषयक अभ्यासातून घ्यावेत. लोकशाही, बाजारव्यवस्था, अल्पसंख्याकांना न्याय्य वागणूक, शेजाऱ्यांशी असलेल्या वादांचा शांततेने निकाल आणि सैन्यावर नागरी नियंत्रण हे त्यांतील प्रमुख होत. उदाहरणार्थ, अल्पसंख्याकांच्या निकषासमोर ‘कागद’ या रकान्यात मार्च १९९५ चा हंगेरीबरोबरचा मैत्रीकरार येईल, तर ‘वर्तन’ या रकान्यात त्याच वर्षाच्या अखेरीचा, हंगेरियन भाषकांना जाचक वाटलेला राजभाषा कायदा येईल.

नागरी नियंत्रणाच्या निकषावर मात्र पुरेसा वेळ द्यावा. ऑगस्ट १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्ष मिखाल कोवाच यांच्या मुलाचे अपहरण करून, त्याला बळजबरीने दारू पाजून, सीमेपलीकडे ऑस्ट्रियातील हाइनबुर्ग येथे मोटारीत सोडून देण्यात आले. संशय देशाच्याच गुप्तचर संस्थेवर आला. पुढे मार्च १९९८ मध्ये कोवाच यांची मुदत संपून राष्ट्राध्यक्षांचे काही अधिकार पंतप्रधान व्लादिमिर मेचियार यांच्याकडे येताच त्यांनी या प्रकरणी माफी जाहीर केली. ती रद्द व्हायला २०१७ साल उजाडले. अशा प्रकरणात गुन्हेगार कोण, यापेक्षा गुप्तचर संस्था उत्तरदायी कोणाला, हा प्रश्न आपल्या कामाचा असतो. एकमेकांची गुपिते वाटून घेणाऱ्या आघाडीला अशा घरात आपली कागदपत्रे ठेवावीशी वाटणार नाहीत, हे समजायला संरक्षणतज्ज्ञ असण्याची गरज नाही.

आकडे वाचताना घाई करू नये. मे १९९७ च्या सार्वमतात नाटोविषयी तीन प्रश्न होते आणि मतदान दहा टक्क्यांच्याही खाली राहिले. हा जनतेचा नाटोला नकार होता, असा निष्कर्ष काढणे चूक ठरेल. राष्ट्राध्यक्षाची थेट निवडणूक व्हावी का, हा चौथा प्रश्न गृहखात्याने मतपत्रिकेवरून वगळला होता आणि त्या गोंधळातच सार्वमत फसले.

बाजारव्यवस्थेच्या निकषासमोरची जागा कोरडी राहू नये म्हणून मार्टिन या शहराकडे पाहावे. तिथे रणगाडे तयार होत. शीतयुद्ध संपल्यावर शस्त्रनिर्मिती आवरती घेण्यात आली, कामगार बेकार झाले आणि ‘निर्णय प्रागचा (तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियाच्या राजधानीचा), भुर्दंड आमचा’ ही भावना बळावली. मेचियार यांच्या लोकप्रियतेचे एक मूळ इथे सापडते.

पुढचा भाग भराभर लिहून होतो. सप्टेंबर १९९८ च्या निवडणुकीत मेचियार यांचा पक्ष पहिला आला, तरी सरकार मिकुलाश झुरिंदा यांच्या आघाडीचे झाले. १९९९ पासून नाटोच्या, इच्छुक देशांसाठी असलेल्या, सदस्यत्व कृती आराखड्यानुसार दरवर्षी सुधारणांची तपासणी होऊ लागली. नोव्हेंबर २००२ मध्ये प्राग येथे निमंत्रण मिळाले. आता तारीख लिहावी : २९ मार्च २००४.

तिच्याखाली थोडी जागा मोकळी ठेवावी. एप्रिल २०२२ मध्ये स्लोव्हाकियाने आपली एस-३०० ही हवाई संरक्षण प्रणाली युक्रेनला दिली. सदस्य होऊन अठरा वर्षे झाली, तरी देशाच्या आकाशावर तोपर्यंत ही सोव्हिएत बनावटीची यंत्रणाच पहारा देत होती. २०१८ मध्ये मागवलेली अमेरिकी एफ-१६ विमाने तर प्रत्यक्ष येऊ लागली ती २०२४ मध्ये.