घरच्या शाळेची घडी बसवताना

मुलांना घरी शिकवायचे ठरवल्यावर आम्ही पहिली चूक केली ती भिंतीवर तासांचे वेळापत्रक लावण्याची. कापूस वेचणी सुरू होताच ते आठवडाभरही टिकले नाही. त्यामुळे वेळापत्रक हंगामावरून ठरवावे: उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत वाचन-लेखन उरकावे, आणि वेचणीच्या दिवसांत गणित शेतातच करावे. मजुरांनी वेचलेला कापूस ताणकाट्यावर तोलला जात असताना आमची मुलगी वहीत नावापुढे किलो लिहिते आणि संध्याकाळी प्रत्येकाची मजुरी काढते. एकदा तिने दशांश चिन्ह चुकवले, तेव्हा हिशेब तपासणाऱ्या काकूंनीच तिला ते समजावून दिले. क्षेत्रफळासाठी धुऱ्यालगत 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद चौरस दोरीने आखावा, म्हणजे 1,089 चौरस फुटांचा गुंठा मुलांना पायाखाली दिसतो. असे 40 गुंठे मिळून एकर होतो.

पुस्तकांवर फार खर्च करू नये, कारण बालभारतीची पाठ्यपुस्तके मोबाइलवर मोफत उतरवून घेता येतात.

प्रमाणपत्राचा विचार मात्र आधीच करावा. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेत तिसरी, पाचवी आणि आठवी यांच्या समकक्ष स्तर आहेत, तर दहावीच्या परीक्षेसाठी किमान वय 14 वर्षे लागते. जन्मदाखला आणि आधारवरील नावाचे स्पेलिंग जुळते का, हे नोंदणीपूर्वीच पाहावे. आम्हाला त्या एका अक्षरासाठी तालुक्याला तीन चकरा माराव्या लागल्या.