पैठणीला कात्री लावायच्या आधी मांजरपाटाचा ब्लाउज शिवून बघा, आणि मुंढा खोल कापू नका

ब्लाउज शिवायचे व्हिडिओ बघितले की माझी चिडचिड होते. माप घ्या, कापा, शिवा, झालं. आधी कच्चा नमुना शिवून बघा हे त्यात कोणी सांगतच नाही. पैठणीबरोबरचा ब्लाउजपीस एकच असतो, तो चुकला की तसाच दुसरा मिळत नाही. माझ्या हातून एका बाईंचा असा पीस वाया गेलाय, लेकीच्या लग्नासाठी दिला होता त्यांनी, आणि ऐनवेळी त्यांना वेगळ्याच कापडाचा ब्लाउज घालावा लागला. ते अजून मनातून जात नाही. तेव्हापासून महागाच्या कापडाला मी नमुन्याशिवाय कात्री लावत नाही.

आमचे मिस्टर कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर आहेत. फाउंड्रीत आधी लाकडाचा पॅटर्न बनतो, मग त्यावरून वाळूचा साचा, मग ओतकाम. बीड म्हणजे ओतीव लोखंड, ते थंड होताना साधारण 1 टक्का आकसतं म्हणून मीटरला सेंटीमीटरभर पॅटर्न मोठा ठेवतात, आणि जिथे मशीनिंग व्हायचंय तिथे अजून थोडं जास्त. आपण शिवणीबाहेर जास्तीचं कापड सोडतो तीच ही माया. साधं पंपाचं झाकण ओतायचं तरी पॅटर्नशिवाय कोणी धातू वितळवत नाही, मग आपण रेशमावर डायरेक्ट खडू का ओढायचा?

कापड: मीटरभर मांजरपाट (साधं कोरं सुती कापड), धुऊन खळ काढून इस्त्री केलेलं. खरा ब्लाउज जॉर्जेटचा किंवा ताणणाऱ्या कापडाचा असेल तर मांजरपाट चालणार नाही, तशाच जातीचं स्वस्त कापड घ्या.

ड्राफ्ट, म्हणजे मापांवरून काढलेली आकृती, नेहमीसारखा खाकी कागदावर. मांजरपाटावर शिवणरेषा बॉलपेननं आखा आणि छातीवरून एक आडवी रेषा काढा, अंगावर घातल्यावर ती जमिनीला समांतर दिसली पाहिजे. बाजूला आणि खांद्याला इंचभर माया, मुंढ्याला (बाही जोडतो तो काखेभोवतीचा गोलाकार काप) नि गळ्याला अर्धा इंच.

शिलाई लांब टाक्याची, लाल दोऱ्यानं, म्हणजे उसवायला सोपी. हुकांच्या जागी टाचण्या. बाही अजून लावायची नाही.

आता मुंढा. इथे मी दोन-तीन वर्षं अडकले होते. ट्रायलला बाई म्हणाल्या "काखेत ओढतंय" की मी मुंढा अर्धा इंच खाली कापायचे, कारण क्लासमध्ये तेच शिकवलेलं आणि आजही जो तो तेच सांगतो. हा सल्ला चूक आहे. बाही आणि अंग जिथे जोडतात तो सांधा काखेच्या जितका जवळ तितका हात मोकळा फिरतो. तो खाली नेला की हात उचलताना बाही बाजूची शिलाई ओढते आणि अख्खा ब्लाउज वर सरकतो, मग बाई म्हणतात अजून टाइट आहे, आणि आपण अजून कापतो. त्या लग्नाच्या पीसचं माझ्याकडून हेच झालं होतं.

त्यामुळे "ओढतंय" ऐकलं की कात्री खाली ठेवा आणि क्रमानं बघा. पहिलं म्हणजे मुंढ्याच्या मायेला खाचा मारल्यात का? शिवणरेषेच्या अलीकडेपर्यंत खाचा मारल्या नाहीत तर ती अर्ध्या इंचाची मायाच काखेत रुतते आणि मुंढा लहान आहे असं वाटतं. निम्म्या तक्रारी माझ्याकडे इथेच मिटतात. मग समोरून बघा, दंड आणि छातीच्या मधे कापड गोळा होत असेल तर पुढच्या मुंढ्याचा मधला भाग पाव इंच आत घ्या, तळाला अजिबात हात लावू नका. खांद्याची शिलाई दंडावर उतरली असेल तर खांदा कमी करा. मुंढ्यापासून छातीकडे तिरक्या ताणलेल्या सुरकुत्या येत असतील तर दोष मुंढ्यात नाहीच, छातीला कापड कमी पडतंय, बाजूची माया उसवून सोडा आणि टक्स (छातीला गोलाई देणाऱ्या शिवलेल्या चिमट्या) मोठे घ्या. उलट पुढचा मुंढा उघडा पडत असेल तर ते जास्तीचं कापड टाचणीनं चिमटीत धरा आणि कागदावर टक्समध्ये वळवा.

तळ बरोबर आहे का हे बघायला माझी खूण सोपी आहे, हात खाली असताना काखेखाली एक बोट आडवं मावलं पाहिजे, दोन मावली तर मुंढा खोल आहे. आणि खोल गेला असेल तरी नमुन्यात तो परत वर आणता येतो, मांजरपाटाचा तुकडा आतून टाचा आणि नवी रेषा त्यावर आखा. नमुन्यात कापड वाढवताही येतं हे कोणी सांगत नाही, सगळे फक्त कमी करत बसतात.

एका वेळी एकच बदल करा. खांदा, टक्स, मुंढा सगळं एकदम हलवलं तर कशानं फरक पडला ते कधीच कळत नाही. लेकीच्या प्रोजेक्टसाठी वाचलं होतं, राइट बंधूंचं 1901 चं ग्लायडर छापील तक्त्यांच्या हिशोबाइतकं उचललं जाईना, तेव्हा त्यांनी छोटा वाऱ्याचा बोगदा बनवून त्यात 200 च्या आसपास पंखांचे छोटे नमुने एकेक करून तपासले. आपली छातीच्या मापावरून मुंढा काढायची सूत्रंही तसलेच तक्ते आहेत, सुरुवातीला ठीक, पुढचं अंगावरच कळणार.

मग बाही, एकच, टाचून. वरच्या फळीवरचा डबा काढल्यासारखा हात वर करायला सांगा. बाहीची कॅप, म्हणजे खांद्याकडचा गोल भाग, उंच असेल तर हात खाली असताना छान दिसते पण वर जाताना अडते, बसकी असेल तर हात मोकळा राहतो पण काखेत चुण्या पडतात. लग्नात मिरवायचा ब्लाउज आणि रोज लोकलची कडी धरणाऱ्या बाईचा ब्लाउज यांची कॅप सारखी काढू नका, आधी विचारा. आणि ट्रायलला आतले कपडे तेच हवेत जे खऱ्या ब्लाउजखाली घालणार आहेत, नाहीतर छातीची रेषाच बदलते.

शेवटी नमुना उसवा, इस्त्री करा आणि नव्या रेषा चक्रीनं (खुणा उमटवायच्या दातेरी चाकानं) कागदावर उतरवा. बाजूच्या शिलाया नि खांदे एकमेकांशी जुळतात का ते टेपनं मोजा, आणि मुंढा बदलला असेल तर बाहीही बदलायची. कुठलाही बदल अर्ध्या इंचापेक्षा जास्त असेल तर मी दुसरा नमुना शिवते, गिऱ्हाईक घाईत असलं तरी. कागदावर नाव, तारीख आणि कुठल्या कापडासाठी ते लिहून खिळ्याला लावा. वर्षभरानं त्याच बाई आल्या तरी छाती, दंड नि कमर परत मोजायची, मगच तो कागद खाली काढायचा.