करवंदं : कुठली तोडायची, कुठली जाळीवर ठेवायची

आमच्या रत्नागिरीकडच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, माती वीतभरही नसते. खाली जांभा दगड आणि वर वाळलेलं गवत. तिथे एप्रिल-मे महिन्यांत हिरवीगार दिसते ती करवंदीची जाळी. मी आजीबरोबर लहानपणापासून करवंदं काढतेय. तिने पहिल्यांदा शिकवलं ते हे, की हिरवं, लाल आणि काळं ही तीन वेगळी फळं समजायची, कारण प्रत्येकाचं काम वेगळं.

सकाळी लवकर जावं. पायात बूट हवेत आणि जाळीत हात घालण्याआधी बुडाशी काठी आपटावी, कारण कातळावर फुरसं, हा विषारी साप, असतं. काटे दुबेळके, म्हणजे दोन टोकांचे असतात. फांदी ओढू नका, आकडीने हलकेच वाकवा. डेखातून, म्हणजे देठातून, पांढरा चीक येतो. तो ओठांना लागला तर पाण्याने जात नाही, खोबरेल चोळावं. अनोळखी झुडपाचं फळ मात्र ‘करवंदासारखं दिसतं’ म्हणून तोंडात टाकू नका. करवंद कण्हेरीच्याच कुळातलं आहे आणि कण्हेर विषारी. मुलांना आधी जाळी, काटे आणि पानं ओळखायला शिकवा, मग फळ.

हिरवी करवंदं लोणच्याची. आतलं बी निबर होण्याआधी काढावीत. देठं खुडून पाण्यात टाकली की चीक निघतो. दोन-तीन पाणी बदलून कोरडी करा, ठेचून मीठ-हळद लावा आणि रात्रभर ठेवा. सकाळी सुटलेलं पाणी काढून मोहरीची पूड, तिखट, हिंग मिसळा आणि तेल तापवून पूर्ण गार झाल्यावर ओता. भांडं स्टीलचं किंवा काचेचं घ्या. इतकी आंबट वस्तू अॅल्युमिनियममध्ये ठेवू नये.

लालसर, अर्धवट पिकलेल्यांत जेली घट्ट करणारं पेक्टिन भरपूर असतं. म्हणून जेलीला तीन वाट्या काळ्या करवंदांना एक वाटी लाल घालते. बुडतील एवढ्या पाण्यात फुटेपर्यंत उकळायची, मग फडक्यात बांधून रात्रभर टांगायची. फडकं पिळायचं नाही, पिळलं की जेली गढूळ होते. चार वाट्या रसाला तीन वाट्या साखर. गार बशीवर टाकलेल्या थेंबाला बोट लावल्यावर सुरकुती पडली की उतरवायची.

काळी मात्र तशीच खावीत, मीठसुद्धा नको. चावून आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. हा खेळ आमच्याकडे अजून चालतो आणि त्या नादात मुलं बीसकट मूठभर फळं संपवतात. पोषणाच्या दृष्टीने तेच उत्तम. फळात क जीवनसत्त्व असतं, ते उष्णतेने घटतं. काळ्या-जांभळ्या सालीत अँथोसायनिन ही रंगद्रव्यं असतात, शिवाय तंतूही मिळतात. जेलीत चव राहते, पण ती शेवटी साखरच. क जीवनसत्त्वामुळे भाजी-डाळीतलं लोह अंगी लागायला मदत होते, म्हणून जेवणानंतर मूठभर करवंदं चांगलीच. पण रक्त कमी आहे म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या बंद करून करवंदांवर राहू नका. हे मी घरातल्या बायकांना दरवर्षी सांगते.

जाळी पूर्ण ओरबाडू नये. वरच्या फांद्या बुलबुलांच्या. आणि विकत घ्यायची वेळ आली, तर रायगडात रस्त्याकडेला द्रोण मांडून बसलेल्या कातकरी बायकांकडून घ्या, घासाघीस न करता. उन्हात, काट्यांतून वेचलेला एकेक द्रोण असतो तो.

हल्ली सडे सपाट करताना जाळ्या मुळासकट उपटल्या जातात. मला त्याचं फार वाईट वाटतं. म्हणून खाल्लेल्या करवंदांचं बी मी फेकत नाही. ते धुऊन सावलीत सुकवायचं आणि ताजं असतानाच, पहिला पाऊस पडला की गडग्याच्या, म्हणजे रचलेल्या दगडी बांधाच्या, कडेने बोटाच्या पेराएवढं खोल पेरायचं. पहिली दोन वर्षं गुरांपासून जपावं लागतं. एकदा काटे धरले की ते कुंपण स्वतःच गुरं अडवतं.