प्रिंटर-इंटरफेसचे कंट्रोल कोड बदलताना या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीचा कारखाना असो की चाटी गल्लीतली पेढी, कार्बन प्रतींचं चलान काढायचं तर पिनांनी ठोकून छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच लागतो. लेझरला कागदावर ठोका देता येत नाही. होस्ट, म्हणजे छपाई पाठवणारा मुख्य संगणक, जुना आयबीएम असेल तर मध्ये इंटरफेसचा डबा बसतो. होस्टच्या आज्ञा तो प्रिंटरच्या कोडमध्ये बदलून देतो, आणि हे कोड आपल्याला हवे तसे भरता येतात. घोळ बहुतेक वेळा तिथेच होतो, शिव्या मात्र प्रिंटर खातो.

पहिला घोळ २७ या आकड्याचा. प्रिंटरच्या पुस्तिकेत एस्केप (प्रिंटरच्या बहुतेक आज्ञांची सुरुवात करणारा कोड) म्हणजे २७, पण तो डेसिमलमध्ये, म्हणजे नेहमीच्या दशमान आकड्यांत. हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत मोजायच्या पद्धतीत, तोच १बी होतो. हेक्सच्या रकान्यात २७ भरलात तर प्रिंटरला एकेरी अवतरणचिन्ह पोचतं आणि प्रत्येक बिलाच्या डोक्यावर कचरा उमटतो. त्यात आयबीएमच्या एबसिडिक या अक्षर-संकेतात एस्केप खरोखरच हेक्स २७ असतो. त्यामुळे होस्टवाला आणि प्रिंटरवाला भांडत बसतात, आणि दोघांचंही बरोबर असतं! डब्यात भरायचा तो प्रिंटरच्या बाजूचा कोड.

सगळ्यात जास्त कागद वाया जातो तो पानाच्या लांबीपायी. आपल्याकडचा कंटिन्युअस कागद बहुधा १२ इंची, म्हणजे इंचाला ६ ओळी धरून ७२ ओळी. डब्यात मात्र अनेकदा अमेरिकी ११ इंच, ६६ ओळी, आधीच भरलेलं असतं. मग दर पानाला छपाई एक इंच वर सरकते, मजकूर फाडायच्या रेघेवर येतो, आणि तेराव्या पानाला पुन्हा सगळं जागेवर! ‘अधूनमधून बिघडतं’ अशी तक्रार आली की आधी हेच तपासा. एप्सन पद्धतीत १बी ३२ देऊन ६ ओळींचं अंतर ठरवा, मग १बी ४३ ४८. यातला ४८ म्हणजेच डेसिमल ७२. तिथे सरळ ७२ लिहिलं तर ११४ ओळींचं, १९ इंची पान होतं. क्रमही उलटा करू नका, कारण ओळींत दिलेली लांबी त्या क्षणीच्या अंतरावरून मोजली जाते. शिवाय या कोडनंतर कागद जिथे उभा असेल तिथेच पानाचा माथा धरला जातो, म्हणून आधी कागद नीट लावून घ्या.

प्रिंटर बदलला आणि कोड जुनेच राहिले, हेही नेहमीचं. १बी ४५ पीसीएलमध्ये, म्हणजे एचपीच्या लेझर प्रिंटरच्या आज्ञा-पद्धतीत, रीसेट, तर एप्सनमध्ये ठळक अक्षर. लेझरसाठी भरलेला कोड डॉट मॅट्रिक्सला गेला की अख्खं पगारपत्रक ठळक छापून येतं. पीसीएलचा आडव्या पानाचा कोड १बी २६ ६सी ३१ ४एफ. यात इंग्रजी छोटा एल, मग एक, मग मोठा ओ. एलच्या जागी एक किंवा ओच्या जागी शून्य भरलं की पान उभंच येतं.

१३२ कॉलमचा रिपोर्ट ८० कॉलमच्या प्रिंटरवर बसवायला सुरुवातीला अक्षर बारीक करणारा ०एफ टाकता ना? मग जॉबच्या शेवटी ते रद्द करणारा १२ही टाका, हाही हेक्समध्येच. नाहीतर पुढचं चलान मुंगीच्या अक्षरांत येतं आणि ट्रकवाला गेटवर खोळंबतो. ओळी एकाआड एक रिकाम्या येत असतील तर डबा आणि प्रिंटर दोघेही लाइन फीड (पुढच्या ओळीवर जायची आज्ञा) देत आहेत; कुठल्यातरी एकाचं ऑटो एलएफ, म्हणजे आपोआप लाइन फीड, बंद करा. आणि बदल सेव्ह करायला विसरू नका. लाइट गेली की न जपलेली सेटिंग गेलीच.

अंदाजाने कोड बदलत बसण्यापेक्षा हेक्स डंप, म्हणजे प्रिंटरला पोचलेल्या कोडची हेक्समधली छापील यादी, काढा. एप्सनच्या एलएक्स-३००+ला एलएफ/एफएफ आणि लोड/इजेक्ट ही बटणं एकत्र दाबून चालू करायचं. होस्टवरून एक छोटं चलान पाठवा. डब्यातून आलेला प्रत्येक बाइट कागदावर दिसेल. १बीच्या जागी २७ दिसला तर चूक डब्यात. कोड बरोबर असूनही छपाई चुकत असेल, तर प्रिंटरचं इम्युलेशन, म्हणजे तो कुठल्या पद्धतीचे कोड समजतो ते, पाहा. काम झालं की प्रिंटर बंद करून पुन्हा चालू करा. नाहीतर पुढचं बिलही आकड्यांतच छापलं जाईल.