आरव्हीत राहायला येताय? आधी पाण्याचं बघा

टेक्सासात ऑस्टिनच्या आसपास, टेलर गावाच्या बाजूला चिप कारखान्याचं बांधकाम निघाल्यापासून कंत्राटावर आलेली बरीच मंडळी आरव्ही पार्कात राहतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर, आणि पार्क म्हणजे ते उभं करायची भाड्याची जागा. त्यात अधूनमधून आपलंही कोणी भेटतं. नवीन माणूस आधी भाडं विचारतो, मग वायफाय. खरं तर आधी पाण्याचं विचारायला हवं, कारण इथे गाडी खराब होते ती बहुतेक वेळा पाण्यानेच.

भाड्याचं थोडक्यात सांगतो. ‘फुल हूकअप’ म्हणजे वीज, नळ आणि सांडपाण्याचं तोंड, तिन्ही तुमच्या जागेवर. महिन्याच्या बोलीवर राहिलात तर वीज बहुतेक ठिकाणी मीटरप्रमाणे वेगळी भरावी लागते. जुनी गाडी घ्यायच्या आधी पार्कला फोन करा, कारण अनेक पार्क १० वर्षांवरची गाडी आत घेत नाहीत. आणि गाडी बघायला जाल तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यात पाय दाबून चाला. गाडीतली जमीन मऊ लागली की समजा आत पाणी मुरलंय. विकणारा कितीही गोड बोलला तरी तिथून निघा.

नळ आणि गाडी यांच्यामध्ये प्रेशर रेग्युलेटर (पाण्याचा दाब आटोक्यात ठेवणारा) लावल्याशिवाय तोटी उघडू नका. आतले पाइप प्लास्टिकचे असतात, त्यांना ४० ते ६० पीएसआय दाब पुष्कळ झाला. पाइप पिण्याच्या पाण्याचा घ्या, बागेचा हिरवा नको. दिवसभर बाहेर जाणार असाल तर तोटी बंद करून जा. इकडची जमीन चुनखडीची, त्यामुळे पाणी जड. शॉवरच्या जाळीवर पांढरा थर धरला की ती व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा.

आता ज्याबद्दल कोणी मोकळेपणाने बोलत नाही ते. संडासाचं पाणी ब्लॅक टँकमध्ये जातं, बेसिन-शॉवरचं ग्रे टँकमध्ये. जोडणी कायम आहे म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवायचा मोह होतो. तसं केलं की पाणी निघून जातं, मैला मागे राहतो आणि वाळून त्याचा दगडासारखा ढीग होतो. व्हॉल्व्ह बंद ठेवा, टाकी दोन-तृतीयांश भरू द्या, मग एकदम सोडा. आधी ब्लॅक, नंतर ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. हातमोजे घाला. टाकी धुवायचा पाइप पिण्याच्या पाइपापासून वेगळा ठेवा, शक्यतो वेगळ्या रंगाचा. भिंतीवरचा टाकीचा काटा पुढे पुढे खोटं बोलायला लागतो, कारण आतले सेन्सर मळतात. ‘फ्लशेबल’ लिहिलेले वाइप्ससुद्धा टाकीत टाकू नका. या बाबतीत आपली पाणी वापरायची सवय कामाची आहे. कागद कमी, पाणी भरपूर, हेच टाकीला हवं असतं. फक्त ती लवकर भरते, तेवढं लक्षात असू द्या.

ग्रे टँकचा शत्रू मात्र आपलं स्वयंपाकघर. तुपकट कढई आधी कागदाने पुसा, मग धुवा. बेसिनला बारीक जाळी लावा. शितं आणि डाळीचा गाळ टाकीत कुजला की वास थेट बिछान्यापर्यंत येतो.

वाफेकडेही तसंच लक्ष हवं. एवढ्याशा जागेत कुकरच्या शिट्ट्या झाल्या की काचांवरून ओघळ सुटतात. त्यात प्रोपेन जळतानाही पाण्याची वाफ होते, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. ही ओल गादीखाली आणि कपाटांच्या मागे जाऊन बसते, मग बुरशी. छताचा पंखा लावा, समोरची खिडकी बोटभर उघडा, थंडीत छोटा डीह्युमिडिफायर चालू ठेवा. तळण बाहेर, टेबलावर इंडक्शन मांडून. बोंबीलही बाहेरच, पण वारा कुठल्या शेजाऱ्याकडे वाहतोय ते बघून!

छतावर दर ३ महिन्यांनी चढा, किंवा कोणाला तरी चढवा. व्हेंट, एसी, स्कायलाइट यांच्याभोवतीचं सीलंट, म्हणजे फटी बुजवायचा लेप, इथल्या उन्हात तडकतो. छताच्या प्रकाराला चालणारं लॅप सीलंटच वापरा. सिलिकॉन फासून ठेवलं तर पुढे त्यावर दुसरं काही नीट चिकटत नाही. पावसानंतर वरच्या कपाटांच्या कोपऱ्यात हात फिरवायची सवय लावून घ्या.

टेक्सासात कसली थंडी, असं म्हणाल तर फेब्रुवारी २०२१ आठवा. तेव्हा राज्यभर वीज गेली आणि पाइप फुटले. गोठण्याचा अंदाज आला की गाडीतली ताज्या पाण्याची टाकी भरून घ्या, बाहेरचा पाइप नळापासून काढून रिकामा करा आणि गाडीच्या पंपावर पाणी वापरा. सिंकखालचं कपाट उघडं ठेवा, आतली ऊब पाइपांना लागते.

विजेचं गणित सोपं आहे. ३० अँपिअर म्हणजे ३६०० वॅट. एसी आणि त्यासोबत १५०० वॅटचा हीटर किंवा इंडक्शन चालू असताना वर मायक्रोवेव्हही लावला की ब्रेकर पडलाच. सर्ज प्रोटेक्टर (विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारा) घ्याच. आईने दिलेला मिक्सर २३० व्होल्टचा, इथे १२०. तो आणायचा तर ट्रान्सफॉर्मरही आला. त्यापेक्षा इथलाच घ्या.

व्हिसावर असाल तर पार्क बदलल्यावर १० दिवसांच्या आत इमिग्रेशन खात्याला एआर-११ फॉर्मवर नवा पत्ता कळवावा लागतो. गाडी तीच असली तरी पत्ता बदललेला असतो.

आणि पहिल्याच दिवशी ऑफिसात विचारून ठेवा की टॉर्नेडोची वॉर्निंग आली तर जायचं कुठे. अशा वेळी आरव्हीत थांबायचं नसतं. बऱ्याच पार्कांत त्यासाठी लाँड्रीची नाहीतर बाथरूमची पक्की इमारत वापरतात. ती रात्री उघडी असते का, कुलपाचा कोड काय, हेही तेव्हाच विचारा.